तीन स्वरांशी आधी मैत्री कर

अगं, विचारलंस ते बरं केलंस. ‘ताई, ही संगीतातली सेट थिअरी वापरून खरंच काही रचता येतं का, की ती नुसती परीक्षेपुरती?’ हा प्रश्न मनात दाबून अभ्यासक्रम संपवणारी मुलं मी पाहिली आहेत. उत्तर आधीच देऊन टाकते. रचता येतं, आणि छान रचता येतं. फक्त वर्गात शिकवतात त्याच्या उलट्या टोकाकडून तिला हात घालावा लागतो. वर्गात तयार रचना समोर ठेवतात, तिचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात. तुला तर अजून जन्मालाच न आलेली रचना हवी आहे. म्हणून आज ते क्रमांक बाजूला ठेव, पेटी जवळ ओढ आणि फक्त तीन स्वर घेऊन माझ्याबरोबर बस.

आधी हे शास्त्र आलं कुठून ते ऐक, म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात अर्नोल्ड शोनबर्ग आणि त्याचे शिष्य आल्बान बेर्ग, आंतोन वेबर्न यांनी षड्जाचा आधार सोडला. कुठल्याच एका स्वराला घर मानायचं नाही, असं संगीत ते लिहू लागले. घरच नाही म्हटल्यावर रचना एकसंध राहणार कशी? त्यांनी काय केलं, तर दोन-तीन ठरावीक अंतरं धरली आणि तीच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या वेशात आणली. हे सगळं ते कानानं आणि हातानं करत होते. त्याचं व्याकरण पुढे अमेरिकेत तयार झालं. प्रिन्स्टनला शिकवणारे मिल्टन बॅबिट संगीतकार होते आणि गणितातही मुरलेले होते. हॉवर्ड हॅन्सन हेही संगीतकार, त्यांनी १९६० साली बारा स्वरांतून निघणाऱ्या स्वरसमूहांची पद्धतशीर मांडणी छापली. मग १९७३ साली येलच्या ॲलन फोर्ट यांचं ‘द स्ट्रक्चर ऑफ एटोनल म्युझिक’ आलं आणि त्यातले क्रमांक आजतागायत चालू आहेत. फोर्ट विश्लेषण करणारे होते, बॅबिट आणि हॅन्सन रचणारे. म्हणजे हे हत्यार पहिल्यापासून दोन्ही बाजूंचं आहे, हे लक्षात ठेव.

गणिताला घाबरू नकोस. बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे यात काही नाही. पांढरी एकला ० म्हण, काळी एकला १, पांढरी दोनला २, असं करत पांढरी सातला ११. त्यानंतर पुन्हा ०, कारण मंद्र, मध्य, तार हा भेद इथे धरत नाहीत. घड्याळात अकरानंतर दोन तासांनी एक वाजतो, तसंच इथे ११ मध्ये २ मिळवले की १ येतो. झालं गणित!

आता पांढरी एक, काळी एक आणि पांढरी तीन वाजव. म्हणजे ०, १, ४. तुला भैरव ऐकू आला ना? येणारच. सा, कोमल रे, शुद्ध ग. हेच तीन स्वर दुसऱ्या कुठल्याही पट्टीत नेलेस तरी कुटुंब तेच. आणि आरशात पाहावं तशी अंतरं उलटी केलीस, आधी मोठं मग लहान, म्हणजे ०, ३, ४, तरीही हे शास्त्र त्याला त्याच कुटुंबात घालतं. वाजवून बघ. सा, कोमल ग, शुद्ध ग. जोगातले दोन गंधार! बारा स्वरांतून तीन निवडायचे २२० प्रकार होतात. पट्टी आणि आरसा या दोन नात्यांनी ते एकत्र बांधले की उरतात फक्त १२ कुटुंबं. बाराच! प्रत्येकाशी आठवडाभर राहिलीस, तरी तीन महिन्यांत सगळ्यांची ओळख होईल.

आता एक गंमत ऐक. शोनबर्गच्या १९०९ सालच्या पियानोच्या तीन रचना आहेत, ओपस ११. त्यातल्या पहिलीचे पहिले तीन स्वर वाजव: पांढरी सात, काळी चार, पांढरी पाच. पांढरी एकला सा धरलास तर ते होतात नी, कोमल ध, प. पुन्हा भैरव, तोही उतरताना! पण शोनबर्गचा तुकडा ऐकताना भैरव मनातही येत नाही. खाली षड्ज नाही, धैवतावर आंदोलन नाही, ओळ कुठे टेकणार त्याचा भरवसा नाही. स्वर तेच, माणसं वेगळी. म्हणून माझा पहिला सल्ला हा, की या अभ्यासाला बसताना तानपुरा बंद ठेव. तानपुरा चालू असला की तुझा कान लगेच राग शोधतो, आणि तो शोधणारच, इतक्या वर्षांचा संस्कार आहे त्याच्यावर. आपल्याला काही दिवस नुसती अंतरं ऐकायची आहेत. या तीन स्वरांचे क्रम होतात सहा. सहाही गा. पेटीशिवाय गा. रात्री झोपताना आणि बसस्टॉपवर उभी असताना गा. जोपर्यंत ०, १, ४ कुठल्याही पट्टीत आणि कुठल्याही क्रमात तुझ्या गळ्यातून आपसूक निघत नाही, तोपर्यंत कागदावर काही लिहू नकोस.

गळ्यात बसलं की मग कागद. इथे या शास्त्राचा खरा उपयोग सुरू होतो. तुझ्या तीन स्वरांमध्ये अंतरं कोणती आहेत ते मोज: ० ते १ हे एक, १ ते ४ हे तीन, ० ते ४ हे चार. म्हणजे १, ३ आणि ४ ही अंतरं एकेकदा आहेत. २, ५ आणि ६ मुळीच नाहीत. शास्त्रात याचं कोष्टक करतात आणि मुलं ते पाठ करून विसरून जातात. पण रचणारीसाठी त्यात लाखमोलाची माहिती दडलेली आहे. संचात, म्हणजे तू निवडलेल्या स्वरसमूहात, जे अंतर जितक्या वेळा असतं, तेवढ्या अंतरानं संच सरकवला की तितके स्वर जागेवर राहतात. फक्त ६ चं अंतर असेल तर दुप्पट मोजायचं.

करून बघ. ०, १, ४ ला तीननं वर सरकव: ३, ४, ७. पांढरी तीन तशीच राहिली, जुन्या आणि नव्या समूहाला एका स्वराचा धागा आहे. आता मूळ संच दोननं सरकव: २, ३, ६. एकही स्वर सामाईक नाही, सगळी खोली बदलली. म्हणजे ओळ अखंड वाहायला हवी असेल तिथे १, ३ किंवा ४ नं सरक. दार उघडून नवा प्रकाश यावा असं वाटेल तिथे २, ५ किंवा ६ नं. हे कळल्यावर ‘आता पुढे काय लिहू?’ म्हणत रिकाम्या कागदाकडे बघत बसणं पुष्कळ कमी होतं. समोर निवडी असतात, आणि प्रत्येक निवडीनं काय होणार हेही माहीत असतं. निवडायचं मात्र तुझ्या कानानं.

याहून घट्ट धागा हवा असेल तर आरशाची मदत घे. ०, १, ४ मधला ० सोड आणि ५ घे. झालं १, ४, ५. हे मूळ संचाचंच उलटं रूप आहे आणि दोन स्वर सामाईक आहेत. आता १ सोड, ८ घे: ४, ५, ८. मग ४ सोड, ९ घे: ५, ८, ९. पुढे ८, ९, ०. त्यापुढे ९, ०, १. आणि आणखी एक पाऊल टाकलंस की पुन्हा ०, १, ४! सहा पावलांत फेरा पुरा. प्रत्येक पावलावर एकच स्वर बदलतो आणि प्रत्येक मुक्कामी तुझंच कुटुंब असतं. पेटीवर हळूहळू वाजव, शेवटचे स्वर वरच्या सप्तकात घे. ऐकताना लक्षात येईल की एवढ्या सगळ्या फिरण्यात स्वर लागले फक्त सहा: ०, १, ४, ५, ८, ९.

या सहा स्वरांत आणखी काय आहे बघ. काळी एक, पांढरी चार आणि पांढरी सहा, या तिन्हींवर मेजर कॉर्डही बनतो आणि मायनरही. म्हणजे ज्याला लोक रुक्ष, गणिती संगीत म्हणतात, त्याच्या पोटात सहा ओळखीचे, गोड कॉर्ड बसलेले आहेत. शोनबर्गनं अमेरिकेत असताना, १९४२ साली, बायरनच्या कवितेवर ‘ओड टू नेपोलियन बोनापार्ट’ लिहिलं, त्यात ह्याच जातीचे सहा-सहा स्वर घेतले आणि रचना चक्क ई फ्लॅट मेजरच्या कॉर्डवर आणून संपवली.

आता उरलेले सहा स्वर घे: २, ३, ६, ७, १०, ११. मोजून बघ, तीच अंतरं, तीच वीण, फक्त सगळं दोननं वर. म्हणजे तुझ्याकडे दोन प्रदेश आहेत. चालरीत सारखी, पण सामाईक स्वर एकही नाही. यातून रचनेचा आराखडाच हातात येतो. पहिला भाग पहिल्या सहांत रंगव. ऐकणाऱ्याचा कान तिथे रमला की एका श्वासात दुसऱ्या सहांत जा. ढोल वाजवून सांगावं लागणार नाही, काहीतरी मोठं बदललं हे कुणालाही जाणवेल. मग परत यायचं की नाही, दोन्ही प्रदेश शेवटी एकत्र आणायचे की नाही, हे तुझ्या मनात काय आहे त्यावर. बघ, तीन स्वरांपासून निघून तू पाच मिनिटांच्या रचनेच्या नकाशापर्यंत आलीस.

पण थांब. नकाशा म्हणजे प्रवास नाही. हेच तीन स्वर जवळजवळ ठेवलेस तर बोचतात, दूर दूर फेकलेस तर चमकतात, आणि हा फरक आकड्यांत कुठेच दिसत नाही. यासाठी वेबर्नचा नऊ वाद्यांसाठीचा ‘काँचेर्टो’, ओपस २४, ऐक. १९३४ साली शोनबर्गच्या साठीनिमित्त त्यानं तो अर्पण केला. त्याची बारा स्वरांची माळ चार तुकड्यांची आहे: ११, १०, २, मग ३, ७, ६, मग ८, ४, ५, आणि शेवटी ०, १, ९. चारही तुकडे तुझ्याच ०, १, ४ च्या कुटुंबातले, आणि चारांत मिळून बाराही स्वर येतात, एकही दोनदा येत नाही. सुरुवातीलाच ओबो पहिला तुकडा म्हणतो, बासरी दुसरा, ट्रम्पेट तिसरा, क्लॅरिनेट चौथा. प्रत्येकाची गती वेगळी. स्वर एका सप्तकातून दुसऱ्यात उड्या घेतात. कुटुंब एकच असल्यामुळे कान हरवत नाही, आणि पोत सतत बदलता असल्यामुळे कंटाळत नाही. फोर्टचं पुस्तक यायला तेव्हा अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. वेबर्नकडे क्रमांक नव्हते. कान होता आणि चिकाटी होती.

म्हणून तुला कळकळीनं सांगते, संच ठरला की त्याच दिवशी लय, सप्तक आणि वाद्य यांचाही विचार सुरू कर. आकडे चोख आणि लय मात्र सगळीकडे सारखी, अशी रचना पहिल्या मिनिटातच मान टाकते.

या शास्त्राला काय दिसत नाही, तेही तुला ठाऊक हवं. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या घे. काळी तीनला सा धरलास तर भूप वाजतो. त्याच पाच पट्ट्यांत सा बदलत गेलीस की मालकंस, दुर्गा, धानी, मध्यमाद सारंग यांचे स्वर मिळतात. मूर्च्छना तू शिकली आहेसच. तुझ्या कानाला हे पाच राग आहेत, सेट थिअरीच्या लेखी एकच संच. भूप आणि देशकार यांचे तर सा धरूनही स्वर तेच, आणि तरी भूपाचा गंधार आणि देशकाराचा धैवत आपल्याला क्षणात सांगतात की आपण कुठे आहोत. मेजर आणि मायनर कॉर्डही या शास्त्रात एकाच कुटुंबातले, कारण ते एकमेकांची आरशातली रूपं. याचा अर्थ शास्त्र खोटं आहे असा नाही. षड्जाभोवती फिरणाऱ्या संगीताचं मर्म सांगायला ते जन्मलेलंच नाही. भावगीताला चाल लावायला बसलीस तर हे घरी ठेव. रागाच्या बढतीत हे आणू नकोस. पण नाटकातला एखादा प्रसंग, एखादा लघुपट, चार वाद्यांची छोटी रचना, जिथे तुला राग नको आहे आणि ठरलेल्या कॉर्डची साखळीही नको आहे, तिथे हे तुझा हात धरेल.

आणि स्वतःची वही कर गं. एलियट कार्टर १०३ वर्षं जगले आणि अगदी अखेरपर्यंत लिहीत राहिले. त्यांनी स्वतःसाठी अशा स्वरसमूहांची सूची वर्षानुवर्षं तयार केली. ‘हार्मनी बुक’ म्हणून ती २००२ मध्ये छापून आली. त्यांच्या १९५१ सालच्या पहिल्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या मुळाशी ०, १, ४, ६ हे चार स्वर आहेत. तुझ्या तीनांत तीव्र मध्यम मिळवला की झाले, आपल्या मारव्याचं पूर्वांग. या चार स्वरांत १ ते ६ ही सहाही अंतरं एकेकदा येतात, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. त्यांनी स्वतः शोधलं, स्वतः मांडलं. तूही तसंच कर. तुझ्या वहीत प्रत्येक संचासमोर आकडे लिही, आणि त्याखाली तुझ्या शब्दांत लिही की तो तुला कसा वाटला, कुठल्या वाद्यावर खुलला, कुठल्या सप्तकात कर्कश झाला. मोबाइलवरचं ॲप क्षणात क्रमांक सांगेल. हे दुसरं तुझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

‘हे बायकांचं काम नाही’, ‘एवढं गणित कशाला’ असं कुणी म्हणालं, तर रूथ क्रॉफर्ड सीगरचं १९३१ सालचं स्ट्रिंग क्वार्टेट लावून दे. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली स्त्री. त्या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात पहिलं व्हायोलिन एका स्वरानं सुरू करतं आणि प्रत्येक वाक्यात एकेक स्वर वाढवत जातं. बाकीची तीन वाद्यं लांब वाक्यांनी सुरुवात करून एकेक स्वर कमी करत येतात. मध्यावर सगळं वळतं आणि अर्ध्या स्वरानं वर चढून उलट्या पावली परत येतं. नियम इतका साधा की लहान मुलालाही समजावा. आणि ऐकताना नियम आठवतही नाही. एक जण धीट होत चाललाय आणि बाकीचे गप्प होत चाललेत, एवढंच ऐकू येतं. आकडे असे भावनेच्या कामी यायला हवेत.

आणखी दोन गोष्टी, मनापासून. एक, लिहिताना कान म्हणाला की इथे कुटुंबाबाहेरचा स्वर हवा, तर घे, बिनधास्त घे. मात्र आधी कुटुंबातले सगळे पर्याय वाजवून बघ. त्यातला एकही पटला नाही आणि परका स्वरच बरोबर वाटला, तर तो तुझ्या रचनेतला महत्त्वाचा क्षण असेल. त्याला भरपूर जागा दे. दोन, कार्यक्रमपत्रिकेत संचाचे आकडे छापू नकोस. ऐकणारा आकडे शोधत बसला तर संगीत त्याच्या हातून निसटतं. तुझी रचना एका धाग्यात बांधलेली आहे हे त्याला जाणवलं की पुरे. धागा कोणता, हे तुला माहीत असलं म्हणजे झालं.

तर आता कामाला लाग. ०, १, ४ माझ्याकडून घेतलंस, ते सरावासाठी ठेव. बारा कुटुंबं एकेक करून गा, आणि ज्याच्याकडे मन पुन्हा पुन्हा ओढ घेतं ते एक स्वतःसाठी निवड. त्याची अंतरं मोज, कुठे सरकवल्यावर काय उरतं ते लिही, आणि एकाच वाद्यासाठी एका मिनिटाचा तुकडा रच, बासरी असो, व्हायोलिन असो. झाला की घेऊन ये. मी संचाचा क्रमांक विचारणार नाही. तुकडा पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत गाऊन दाखव म्हणेन, आणि जिथे तुझा आवाज अडखळेल तिथे पेन्सिलनं खूण करू. पुढचं काम त्या खुणांपासून.